पट्टीतला दहावा माणूस

१

केज तालुक्यात असा माणूस सापडायचा न्हाई, ज्याचं मुंडकं मी कापलेलं न्हाई. पोलिसांत जाऊ नका. मी फ्लेक्स बनवतो.

फोटो आला की मागची भिंत, शेजारी उभी बायको, खांद्यावरचा कुणाचा तरी हात, हे सगळं माऊसनं कापून टाकायचं आन नुसती छाती आन मुंडकं ठिवायचं. आमच्यात त्याला कटिंग म्हणत्यात. अकरा वर्सं झाली, स्टँडामागच्या दुकानात बसून मी हेच करतो. कम्प्युटरात गावागणिक फोल्डर हायत. वाढदिवस, निवड, उद्घाटन, श्रद्धांजली. माणूस तोच असतो, वरचं वाक्य तेवढं बदलायचं.

फ्लेक्सवर मधी साहेबाचं मोठं मुंडकं, आन खाली गोल गोल चौकटीत बारकी मुंडकी ओळीनं. ती शुभेच्छुकांची पट्टी. साहेबाचं नाक वाकडं आलं तर एकवेळ चालतं, पण पट्टीतला एक जण राहिला तर दुकानात येऊन खुर्च्या मोडत्यात. म्हणून आमच्या धंद्याचा नियम हाय. पट्टीतलं मुंडकं आपल्या मनानं काढायचं न्हाई, आन "हा कोण?" असं गिऱ्हाइकाला इचारायचं न्हाई. इचारलं की झाला त्याचा अपमान. हाय तर असू द्यायचं.

आता ऐका, मला काय खुपत होतं ते. हजारो फ्लेक्स केले, माझं तोंड एकावर न्हाई. माझी आई, सुंदरबाई, भाकरी थापता थापता म्हणायची, "साऱ्या तालुक्याची थोबाडं टांगतूस लेका. तुझं कधी टांगणार?" मी हसण्यावारी न्यायचो, पण लागायचं. मला माझं तोंड पाहिजे होतं. तेबी चार दिसांत उतरणाऱ्या फ्लेक्सवर न्हाई. जे राहील अशा कशावर तरी.

२

छावणीचं साल होतं. पाऊस न्हाई, चारा न्हाई, जनावरं सगळी छावणीत. जनावरं गेली तसं दूध गेलं, आन दूध गेलं तसं घाटनांदूरचं सहकारी दूध संघाचं शीतकरण केंद्र बंद पडलं. अशा साली आमच्या दुकानाच्या दारात एक पोरगा येऊन उभा राहिला. केस खांद्यापर्यंत, काळा बनियन, आन उन्हानं तोंड लालबुंद.

"कारभारी भाऊ तुमीच ना? मी कचरू. आमचा बँड हाय, पाचट. अल्बम निघायलाय. कव्हर पाहिजे. पैसे न्हाईत."

चार वाक्यांत त्यानं सगळं सांगून टाकलं. पाचट म्हंजे उसाचा वाळला पाला, काडी लावली की रान भडकतं. नाव मला तिथंच आवडलं. "बँड म्हंजे लग्नातला का?" मी इचारलं.

"न्हाई. मेटल."

"म्हंजे?"

"या की एकदा ऐकायला."

गेलो. शीतकरण केंद्राची थंड खोली म्हंजे हातभर जाडीच्या भिंती, लोखंडी दार. दार लावलं की आत बॉम्ब फुटला तरी बाहेर कुत्रं कान हलवायचं न्हाई. संघाचे जुने सचिव विठ्ठलराव यांनी चावी पोरांना दिलेली. दूध न्हाई तर न्हाई, खोलीत काहीतरी नासण्यापरीस वाजलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. कानांत कापूस घालून ते खुर्चीवर बसलेले, आन पाय मात्र ठेक्यात हलायलेला.

कचरूनं गिटार छेडली. बद्रीनाथनं जाड तारांची दुसरी छेडली. मागं मुक्ता बसलेली, वेणी पाठीवर टाकून. पुढं दोन ढोल, बाकी सगळे दुधाचे पालथे कॅन. तिनं पहिला ठोका दिला आन माझ्या पोटातलं पाणी हाललं. त्या साली पोटात पाणी तरी कुठं लई होतं म्हणा. मंग कचरू गायला लागला. गायला कसलं, विहिरीच्या तळातून खरवडून आवाज काढल्यावानी. गाणं टँकरच्या रांगेवर होतं. एक शब्द कळला न्हाई, आन मी मात्र लहान पोरागत हसत सुटलो. अंगावर काटा होता आन तोंडभर हसू होतं. अकरा वर्सांत एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

"फ्लेक्सच करू," मी म्हणलं. "आपल्या हिकडचा असतो तसा. मधी साहेबाच्या जागी दुधाचा रिकामा कॅन, मागं पेटलेलं पाचट. खाली पट्टी, अल्बमला ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांची. केंद्राच्या गेटावर टांगू, पुढं तुमी उभं ऱ्हा, मी मोबाईलवर फोटो काढतो. झालं कव्हर. रोलचा एक तुकडा दुकानात पडून हाय, मालक न्हाई म्हणायचा न्हाई."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं आन मला उचलूनच घेतलं. मंग पट्टीतली नावं ठरली. बँडचे तीन, विठ्ठलराव, जेवू घालणारी कचरूची मावशी बायनाबाई, चहावाला, जनरेटर देणारा, गाडीवाला. आठ.

"नववे तुमी, दादा," मुक्ता म्हणली. "आन कोपऱ्यात नाव. कव्हर: कारभारी."

मी तोंड फिरवून वायरी गुंडाळायला लागलो. डोळे भरून आलते, आन मेटलवाल्यांपुढं कसं रडायचं?

३

दुसऱ्या दिवशी जांभळा शर्ट इस्त्री केला, स्टुडिओत जाऊन फोटो काढला, स्वतःचंच मुंडकं स्वतः कापलं. नुसता कान कापायला अर्धा तास लावला, खोटं कशाला सांगू. पट्टीत सगळ्यात शेवटी, उजव्या टोकाला, मी मला बसवलं.

रोलचा मोठा तुकडा एकच होता, म्हणून आधी एका चिंधीवर नुसती पट्टी छापून बघायचं ठरवलं. दुपारचा एक वाजलेला. मालक अंबाजोगाईला गेलता. रस्त्यावर चिटपाखरू न्हाई.

आमचं मशीन चित्र एकदम छापत न्हाई. त्याचं डोकं झर्र करून डावीकडून उजवीकडं जातं, झर्र करून परत येतं, दर फेरीला करंगळीएवढं चित्र उतरतं. पट्टी असली की आधी सगळ्यांचे केस येत्यात, मंग कपाळं, मंग डोळे. मी स्टुलावर बसून बघत होतो.

केस आले. मी मोजले. दहा.

पुन्हा मोजले. कचरूचे लांब केस, बायनाबाईचा पदर, विठ्ठलरावांची टोपी, सगळं जिथल्या तिथं. माझ्या अलीकडं एक डोकं जास्तीचं होतं. तेल लावून एका बाजूला चापून बसवलेले केस. कपाळ आलं. मंग डोळे आले. नऊ जणांचे डोळे सरळ माझ्याकडं, कारण फोटो काढताना माणूस सरळच बघतो. या एकाचे उजवीकडं वळलेले. उजवीकडं म्हंजे त्याच्या शेजारी. शेजारी म्हंजे मी.

झर्र. नाक. झर्र. मिशी. झर्र. हसू. पांढऱ्या शर्टाची कॉलर. मशीन थांबलं आन दुकानात पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

माणूस वाईट नव्हता दिसायला. सोसायटीच्या मीटिंगला मागच्या रांगेत बसतो तसा एखादा. फाईल उघडून बघितली. फाईलीत नऊ होते.

४

मी काय येडा न्हाई. मशीनच्या मेमरीत जुन्या कामाचा तुकडा अडकतो कधी कधी, माहीत हाय मला. एकदा बारशाच्या फ्लेक्सवर खताची गोणी छापून आलती. मशीन बंद केलं, वायर काढली, चहा पिऊन आलो, पुन्हा चालू केलं. दुसऱ्या चिंधीवर पट्टी छापली.

दहा. आन माझी न् त्याची चौकट आधी दोन बोटं लांब होती, ती आता चिकटली होती. त्याच्या गोलाची कड माझ्या गोलावर नखभर चढलेली. माझ्या जांभळ्या खांद्यावर.

चिंधी घेऊन केंद्रावर गेलो. सरळ इचारता येईना, अकरा वर्सांची सवय. नुसती पुढं धरली. विठ्ठलरावांनी चष्मा वर केला, सगळ्यांवर बोट फिरवलं, त्या माणसावर जरा थांबले. "पोरांच्या ओळखीचा असंल. असू द्या."

कचरू म्हणला, "विठ्ठलरावांचा माणूस असंल, सहकारातला. राहू द्या भाऊ, बिचाऱ्यानं काहीतरी केलं असंल आपल्यासाठी. जेवढे जास्त तेवढं बरं."

मुक्तानं स्वतःचा फोटो बघितला आन लाजून कॅनवर एक दणका हाणला. त्या दणक्यावर बद्रीनाथ सुरू झाला, त्याच्यावर कचरू, आन अर्धा तास मला तो माणूस आठवलासुद्धा न्हाई. त्यांचा ताल असा होता की त्यात भीती ठिवायला जागाच राहायची न्हाई.

५

बायनाबाईनं निरोप धाडलता, "माझं तोंड कसं आलंय ते दावून जा." ती आपले दोन बैल घेऊन केजच्या छावणीत मुक्कामाला होती. गेलो दुपारचा.

तिला चिंधी दाखवली. "अगं बया, माझं नाक असं हाय व्हय?" म्हणत ती एवढी हसली की दोन्ही बैलांनी माना वर केल्या. शेजारच्या दावणीवरच्या बाया गोळा झाल्या. मला गुळाचा खडा दिला, अर्धा तांब्या पाणी दिलं. त्या दिवसांत अर्धा तांब्या म्हंजे काय, ते हिकडच्या माणसाला सांगायला नको.

पाणी पिताना मान वर गेली. छावणीवर सावलीला जुने फ्लेक्स ताणलेले. काम झालेले फ्लेक्स लोक असेच वापरत्यात. सगळे माझ्याच हातचे. चित्राची बाजू खाली होती, वरून ऊन पडलेलं, म्हणून रंग कसे उजळून निघालते. वाढदिवस, अभिनंदन, हार्दिक स्वागत. साहेबांची तोंडं बैलांच्या पाठीवर पडलेली. मला माझंच कौतुक वाटलं.

मंग पट्ट्या बघितल्या.

पहिल्या फ्लेक्सच्या पट्टीत शेवटी तोच. चापून बसवलेले केस, पांढरी कॉलर. दुसऱ्यावर तोच, शेवटी. या गटाच्या फ्लेक्सवर तोच, त्या गटाच्या फ्लेक्सवर तोच. सात वर्सांमागचा एक फ्लेक्स होता, रंग उडून निळा पडलेला, त्यावरबी तोच. जो तो समजला दुसऱ्या कुणाच्या तरी ओळखीचा असंल, आन मी कधी इचारलं न्हाई. दर खेपेला टोकाला, आन दर खेपेला डोळे उजवीकडं, जिथं पट्टीत कुणीच न्हाई, नुसती मोकळी जागा, तिथं बघत.

"मावशे," मी म्हणलं, "हा कोण गं?" आयुष्यात पहिल्यांदा इचारलं.

बायनाबाईनं वर बघितलंबी न्हाई. "त्यो व्हय? दुपारची आडवी झाले की वर त्योच असतो की. गरीब वाटतो. वाट बघायलाय बघ कुणाची तरी."

बैलाच्या घागऱ्या वाजल्या. मी तांब्या खाली ठिवला. चिंधीची घडी केली आन निघालो.

६

दोन दिसांवर कार्यक्रम आलता. शंभर सीडी काढायच्या, त्यांची पाकिटं छापायला टाकायची, आन गाणी मोबाईलवर सगळ्या जगाला सोडायची, असं ठरलेलं. फ्लेक्स त्या दिवशी छापायलाच पाहिजे होता. मी दुकानात बसून स्वतःशी हुज्जत घातली. म्हणलं, जुन्या फाईलीवरून नवी फाईल करतो आपण, एखादं मुंडकं वर्षानुवर्षं चिकटून येत असंल, त्यात काय. म्हणलं, मंग फाईलीत का दिसत न्हाई?

पट्टीच काढून टाकली तर? मंग बायनाबाईचं नाक गेलं, मुक्ताचं लाजणं गेलं, विठ्ठलरावांची टोपी गेली. आठ माणसांचा आनंद माझ्या भीतीपायी का पुसायचा? राहता राहिली एकच गोष्ट. तो ज्याची वाट बघत होता, ती शेजारची जागा.

मी माझ्या चौकटीवर क्लिक केलं आन डिलीट दाबलं.

लई वाईट वाटलं. सांगायला लाज कसली, हुंदका आला. अकरा वर्सांनी एकदा लागत होतं तोंड, तेबी माझ्याच हातानं काढलं. पण कोपऱ्यातलं नाव तसंच ठिवलं. कव्हर: कारभारी. म्हणलं, तोंड न्हाई तर न्हाई, नाव तर राहील.

मशीन चालू केलं. पेटलेलं पाचट उतरलं, काय जाळ आलता, हात लावावा तर भाजंल. कॅन उतरला. मंग पट्टी. फाईलीत आठ. केस आले, नऊ.

डोळे आले. नऊच्या नऊ जण सरळ माझ्याकडं बघत होते.

तो टोकाला होता, माझ्या जागेवर. आता उजवीकडं बघत नव्हता. झर्र करून हसू आलं, आन कॉलर आली ती जांभळी. मी म्हणलं, मशीनच्या डोक्यात शाई राहिली असंल त्या चिंधीच्या वेळची.

गेटावर फ्लेक्स टांगला तेव्हा घाटनांदूरची निम्मी गल्ली जमली. पोरं पुढं उभी राहिली, वारा सुटला, धुळीचा लोट उठला आन त्यात ऊन घुसलं. असा फोटो पैसे ओतून निघाला नसता. मुक्तानं माझ्या हातातला मोबाईल ओढून बघितला.

"दादा, लई भारी आलाय तुमी," ती म्हणली.

मला वाटलं, लई भारी काढलाय तुमी, असं म्हणायचं असंल तिला. घाईत होतं कधी.

७

कार्यक्रम संध्याकाळी पाचला, केंद्राच्या आवारात. आयुष्यात मेटल न ऐकलेली दोनशे माणसं. पहिल्या गाण्याला लोक दचकले, दुसऱ्याला हसले, तिसऱ्याला टँकरच्या रांगेचं गाणं सुरू झालं आन एक म्हातारी उठून कळशी डोक्यावर घेऊन नाचायला लागली. मंग कुणाला धरबंध राहिला न्हाई. विठ्ठलराव टोपी हवेत उडवायलेले. छावणीवाले, सोसायटीवाले, दोन्ही गटांचे लोक एकमेकांच्या गळ्यात पडून उड्या मारायलेले. मी जनरेटरपाशी उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडत होतो.

गाणं संपलं. कचरू माईकवर आला, घामानं निथळत. "हे कव्हर कुणी केलं ठावं हाय का? आमच्या कारभारी भाऊनं. टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी."

अंगभर सुख झालं. मी हात वर केला.

सगळे वळले आन टाळ्या वाजवायला लागले. डावीकडं वळले, गेटाकडं. मी तर उजवीकडं उभा होतो. म्हणलं, उजेड तिकडं हाय, म्हणून वळले. टाचा उंचावून बघितलं. गर्दीच्या पार टोकाला फ्लेक्सखाली कुणीतरी उभा होता, पाठमोरा, आन माणसं त्याच्या हातात हात देत होती, पाठ थोपटत होती. केसांना तेल होतं. शर्ट जांभळा होता. तेवढ्यात मुक्तानं पुढचा ठोका दिला, सगळे उसळले, आन मला पुढं काही दिसलं न्हाई.

८

जाताना कुणी हाक मारली न्हाई. आनंदात भान राहत न्हाई माणसांना. केजची जीप धरली, घरी आलो. रस्ताभर माझ्या डोक्यात तेच गाणं होतं आन मी मांडीवर ताल धरलेला. नाव तर घेतलं ना, मी मनात म्हणत होतो. दोनशे माणसांत नाव घेतलं.

दार उघडंच होतं. आत बल्ब लावलेला. आई आन शेजारची सारजाबाई चटईवर बसलेल्या, मधी कुणीतरी आणून दिलेलं सीडीचं नवंकोरं पाकीट. आईच्या तोंडावर असा उजेड मी कधी बघितला नव्हता. ती पट्टीच्या टोकावर बोट ठिवून सांगत होती.

"ह्यो बघ माझा कारभारी. कसा सरळ बघायलाय. किती वर्सं म्हणत होते, लाव की तुझं तोंड. लावलं बघ माझ्या लेकरानं."

"अगदी तुझ्या वळणावर गेलाय गं," सारजाबाई म्हणली.

मी उंबऱ्यात थांबलो. घसा ओरडून बसलेला होता. "आई," मी म्हणलं, "तो मी न्हाई."

आईनं मान वर करून बघितलं. नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत. मंग ती सावरून बसली आन परक्या गड्यापुढं घेत्यात तसा डोक्यावरून पदर घेतला.

"या की, बसा," ती म्हणली. "लांबून आलेले दिसता. पाणी देते. कारभारी येईलच इतक्यात."

तिनं माठातून तांब्या भरून आणला, काठोकाठ. मी बसलो.